लेस पॉलला परवडणारा पर्याय शोधताना

गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार २०२४ साली अमेरिकेत साधारण २,८०० डॉलरना विकली जात होती. आयात शुल्क, जीएसटी आणि वाहतूक यांची भर पडून ती भारतातल्या दुकानात टांगली जाते, तेव्हा तिची किंमत अडीच-तीन लाखांच्या घरात गेलेली असते. महाविद्यालयातल्या बँडमध्ये वाजवणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या वादकाला हा आकडा झेपत नाही आणि मग ‘तशीच, पण स्वस्तातली’ गिटार शोधणे सुरू होते. हा शोध बहुतेक वेळा आकारापासून सुरू होतो, म्हणूनच तो फसतो. लेस पॉलसारखी दिसणारी गिटार पंधरा हजारांतही मिळते. पण तिच्यात लेस पॉलचे काय काय आहे, हे दिसण्यावरून कळत नाही.

हा शोध कसा घ्यावा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. त्यामागचे सूत्र एकच आहे. गिटारच्या काही गोष्टी एकदा विकत घेतल्यावर कधीच बदलता येत नाहीत, तर काही गोष्टी पुढे सवडीने आणि थोड्या खर्चात बदलता येतात. हातातले पैसे आधी पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर खर्च करावेत. उदाहरण म्हणून मी लेस पॉल घेतली आहे, परंतु फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर किंवा पॉल रीड स्मिथ (पीआरएस) कंपनीची गिटार मनात असलेल्या वाचकालाही या पायऱ्या जशाच्या तशा उपयोगी पडतील.

मूळ वाद्य आणि त्याची किंमत

पर्याय शोधण्यापूर्वी मूळ वाद्य कशाचे बनले आहे, हे नीट माहीत असावे लागते. लेस पॉल पहिल्यांदा बाजारात आली ती १९५२ साली. ज्या वादकाचे नाव तिला मिळाले, तो लेस पॉल त्या काळी अमेरिकेतला अत्यंत लोकप्रिय गिटारवादक होता. सुरुवातीच्या गिटारवर पी-९० जातीचे एकेरी वेटोळ्याचे पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग, होते. १९५७ साली गिब्सनमधील अभियंता सेथ लव्हर याने घडवलेले हंबकर पिकअप तिच्यावर आले आणि आज आपण ज्याला लेस पॉलचा आवाज म्हणतो तो घडला. हंबकरमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात. त्यांचा गुंडाळा परस्परांच्या उलट असतो आणि चुंबकांची ध्रुवताही उलट असते. त्यामुळे बाहेरून, म्हणजे विजेच्या तारा, ट्यूबलाइट वगैरेंतून आलेली घरघर एकमेकांना रद्द करते, तर गिटारच्या तारांचा स्वर मात्र दुप्पट होऊन पुढे जातो.

लाकडाचा भाग असा असतो: महोगनीचे अंग, त्यावर मेपलचा जाड थर, महोगनीचीच मान आणि ती अंगात सरसाने पक्की बसवलेली. मानेवरच्या पट्टीला शिसवीचे लाकूड आणि त्यावर २२ फ्रेट, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावरचा तारांचा आधार) तारेची मोकळी लांबी, म्हणजे स्केल, नाममात्र २४.७५ इंच असते. फेंडरमध्ये ती २५.५ इंच असते. पाऊण इंचाचा हा फरक किरकोळ वाटतो, पण तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली, तर लेस पॉलवर ती सुमारे सहा टक्के सैल लागते. तार खेचून वाजवताना बोटांना जो मऊपणा जाणवतो, त्यामागे मोठे कारण हेच आहे.

आता हे सगळे असताना किंमत नेमकी कशाची लागते? अमेरिकेतील मजुरी हा त्यातला मोठा वाटा आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ हात एकावर एक द्यावे लागतात, ते वाळायला दिवस लागतात आणि कडेच्या बाइंडिंगवर चढलेला रंग कारागीर हाताने खरवडून काढतो. वजनाने आणि रेषांनी चांगले लाकूड निवडून घेतलेले असते. याशिवाय नावाची किंमत असते आणि ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल आज काही लाख डॉलरना विकल्या जातात आणि त्या वलयाचा अंश नव्या गिटारच्या किमतीतही असतोच. स्वस्त गिटारवर नायट्रोऐवजी पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा लेप असतो, जो लवकर वाळतो आणि अधिक टणक असतो. त्याचा स्पर्श वेगळा लागतो, हे मी मान्य करीन. पण ॲम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) येणाऱ्या आवाजावर त्याचा परिणाम इतका कमी असतो, की परवडणारी गिटार निवडताना त्याचा विचारच करू नये. स्वस्त गिटारवरच्या वाघासारख्या पट्ट्यांच्या मेपलचीही तीच गोष्ट. तो बहुधा कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. तो दिसायला सुंदर असतो आणि त्याचे काम तेवढेच.

लाकडाबद्दल एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे, म्हणून इथे थांबतो. गिटारच्या पट्टीसाठी जगभर जी ‘रोझवुड’ वापरतात तिच्यातली बरीचशी म्हणजे आपली शिसव. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोपर्यंत अनेक कंपन्यांनी आपल्या स्वस्त मालिकांसाठी दुसरे लाकूड शोधले होते. त्यातले ‘इंडियन लॉरेल’ हे नाव आज एपिफोन आणि स्क्वायर या अनुक्रमे गिब्सन आणि फेंडरच्या स्वस्त ब्रँडच्या माहितीपत्रकांत दिसते. ते लाकूड म्हणजे सह्याद्रीच्या रानात ठिकठिकाणी उभा असलेला ऐन. तेव्हा ‘शिसव नाही म्हणजे हलका माल’ असे कोणी सांगितले, तर विचलित होऊ नये. ऐन टणक आणि टिकाऊ असतो. तो थोडा कोरडा दिसतो, एवढेच. त्याला वर्षातून एक-दोनदा तेलाचा पातळ हात द्यावा.

पायरी पहिली: हवे ते कागदावर लिहा

मनात असलेल्या गिटारमधले आपल्याला नेमके काय आवडते, हे दुकानात जाण्याआधी चार-पाच वाक्यांत लिहून काढावे. जाडसर, लांब टिकणारा लीडचा आवाज हवा असेल, तर हंबकर आणि लहान स्केल या दोन गोष्टी अत्यावश्यक ठरतात आणि आकार दुय्यम ठरतो. मग लेस पॉलसारखी न दिसणारी, पण या दोन्ही गोष्टी असलेली गिटार चालेल आणि निवडीचे क्षेत्र एकदम मोठे होते. उलट, रंगमंचावर तीच आकृती खांद्यावर हवी असेल, तर तीही इच्छा प्रामाणिकपणे लिहावी. वाद्य आवडल्याशिवाय हातात घेतले जात नाही आणि जे हातात घेतले जात नाही त्याचा रियाज होत नाही.

वजनाचाही विचार याच कागदावर करावा. लेस पॉल साधारण चार किलोंची असते, काही त्याहूनही जड असतात. दोन तास उभे राहून वाजवायचे असेल किंवा लोकलने सरावाला जायचे असेल, तर हा आकडा खांद्याला जाणवतो. आतून पोकळी केलेल्या अंगाची गिटार अशा वादकासाठी अधिक योग्य ठरते.

पायरी दुसरी: कायमचे आणि बदलता येणारे

कायमच्या गोष्टींच्या यादीत स्केल येते, मानेची जाडी आणि गोलाई येते, मान सरसाने बसवली आहे की स्क्रूने हे येते, अंगात पिकअपसाठी किती आकाराचे खाचे कोरले आहेत हे येते आणि अर्थातच लाकूड नीट वाळलेले आहे की नाही हे येते. यातली मान सर्वांत महत्त्वाची. आपला डावा हात सगळा वेळ तिथेच असतो. मानेच्या पट्टीची वक्रताही इथेच मोजावी: गिब्सनची पट्टी १२ इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच सपाट असते, तर जुन्या धाटणीच्या फेंडरची ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे चांगलीच गोल असते. गोल पट्टीवर कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) सहज बसतात. सपाट पट्टीवर तार लांबवर खेचली तरी ती अडत नाही.

बदलता येणाऱ्या गोष्टींत पिकअप, पॉट (नॉबखालचे भाग), स्विच, जॅक (केबल जोडायची जागा), ट्यूनर (तारांच्या खुंट्या), नट, ब्रिज आणि तारा येतात. थोडक्यात, ज्या गोष्टींची नावे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापतात, त्यातल्या बहुतेक बदलता येण्यासारख्या असतात. पिकअप भारी आणि मान वाकडी असलेल्या गिटारपेक्षा पिकअप साधे आणि मान निर्दोष असलेली गिटार घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

मान सरसाने बसवलेली असली तरच आवाज लांब टिकतो, हा समज मात्र मी पूर्णपणे स्वीकारत नाही. सांधा घट्ट आणि नेमका असेल, तर स्क्रूची मानही उत्तम वाजते. फरक पडतो तो वरच्या फ्रेटपर्यंत हात पोहोचण्यात आणि दुरुस्तीत. स्क्रूची मान काढून बसवता येते. सरसाची मान बिघडली तर काम मोठे असते.

पैशांची वाटणी

गिटार निवडण्याआधी वाटणी ठरवावी, नाहीतर सगळे पैसे गिटारवरच जातात आणि ती मग एखाद्या जुन्या, लहानशा स्पीकरला जोडली जाते. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज गिटार आणि ॲम्प मिळून तयार होतो. साध्या गिटारला चांगला ॲम्प मिळाला, तर ती ऐकवते. भारी गिटारला वाईट ॲम्प मिळाला, तर ती भारी आहे हे कोणालाही कळत नाही. जवळ शंभर रुपये असतील, तर त्यातले साठ गिटारला, तीस ॲम्पला आणि दहा सेटअप (गिटार वाजवण्याजोगी जुळवून घेणे), चांगली केबल, पट्टा, जाड पिशवी व तारांचा जादा संच यांना द्यावेत. घरी ॲम्प आधीपासून असेल, तरच हे प्रमाण बदलावे. बॉस कटाना, फेंडर मस्टँग, ऑरेंज क्रश अशा मालिकांतले छोटे ॲम्प घरगुती वापराला पुरेसे असतात आणि त्यातल्या बऱ्याच मॉडेलना हेडफोनही लावता येतो. चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्या वादकासाठी ही सोय मोलाची आहे.

पायरी तिसरी: पर्यायांची घराणी

पहिला आणि सरळ पर्याय म्हणजे मूळ कंपनीचाच स्वस्त ब्रँड. गिब्सनच्या मालकांनी १९५७ साली एपिफोन विकत घेतली. फेंडरने १९६५ साली स्क्वायर नावाची तारा बनवणारी कंपनी घेतली आणि १९८२ पासून त्या नावाने जपानमध्ये गिटार बनवायला सुरुवात केली. पॉल रीड स्मिथची एसई मालिका २००१ मध्ये आली. एपिफोन लेस पॉल स्टँडर्डची किंमत अमेरिकेत गिब्सनच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी असते. २०२० साली नव्याने आलेल्या तिच्या ‘फिफ्टीज’ आणि ‘सिक्स्टीज’ या दोन मॉडेलमध्ये स्केल तेच, अंग महोगनीचे, मान सरसाने बसवलेली, पट्टी ऐनाची आणि पिकअप प्रोबकर नावाचे हंबकर आहेत. फिफ्टीजची मान जाड आणि गोलसर आहे, सिक्स्टीजची पातळ. लहान हाताच्या वादकाला पातळ मान सोपी जाईल, असे सहसा सांगतात; पण जाड मानेला तळहाताचा आधार मिळतो आणि अंगठा थकत नाही, असेही अनेकांना जाणवते. दोन्ही हातात घेतल्याशिवाय निर्णय करू नये. एपिफोनच्याच काही सर्वांत स्वस्त लेस पॉलमध्ये मान स्क्रूने बसवलेली असते, हेही लक्षात ठेवावे. नावात ‘लेस पॉल’ आहे म्हणून सगळ्या सारख्या नसतात.

दुसरे घराणे इतर कंपन्यांच्या त्याच जातकुळीतल्या गिटारचे. यात मला यामाहाची रेव्हस्टार फार आवडते. स्केल २४.७५ इंच, मान सरसाची, अंग आतून पोकळी केलेले आणि म्हणून खांद्याला हलके, पिकअप हंबकर. तिची आकृती लेस पॉलची नाही, पण पहिल्या पायरीवरच्या कागदात आकृती नसेल, तर ती जरूर वाजवून पाहावी. कोर्टची सीआर मालिका दिसायला लेस पॉलच्या जवळ आहे: सीआर १०० ची मान स्क्रूची आणि सीआर २५० ची सरसाची. कोर्ट बनवणारी कोरियन कंपनी अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटार घडवते. तेच हात आणि तीच यंत्रे स्वतःच्या नावाने माल काढतात तेव्हा नावाचा अधिभार कमी असतो, हे साधे गणित आहे. ईएसपीच्या एलटीडी ईसी मालिकेतल्या गिटार जोरकस संगीतासाठी योग्य आहेत. पीआरएस एसई २४५ चे स्केल २४.५ इंच आहे, म्हणजे लेस पॉलपेक्षाही किंचित लहान.

नकलेबद्दल कोणाच्या मनात कमीपणाची भावना असेल, तर इतिहास वेगळे सांगतो. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी लेस पॉलच्या इतक्या चांगल्या प्रतिकृती केल्या, की १९७७ साली गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर गिटारच्या शेंड्याच्या (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाच्या) आकारावरून दावा लावला. त्या काळातल्या ग्रेको आणि टोकाई आज संग्राहक शोधत असतात.

तिसरे घराणे वापरलेल्या गिटारचे. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहितो, कारण तिथे सगळ्यांत जास्त बचत आहे आणि सगळ्यांत जास्त धोकाही.

पायरी चौथी: दुकानातला अर्धा तास

शक्यतो गिटार प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी. मुंबईत धोबी तलाव परिसरात वाद्यांची जुनी दुकाने आहेत; १८६५ साली स्थापन झालेले फुर्टाडोज त्यांपैकी एक. पुण्यात आणि गोव्यातही चांगली दुकाने आहेत. एकाच मॉडेलच्या दोन गिटारही सारख्या नसतात, म्हणून दुकानात असतील तेवढ्या नगांमधून निवड करण्याचा आग्रह धरावा. दुकानदाराला त्याचा राग येण्याचे कारण नाही. गर्दीच्या वेळी न जाता सकाळी जावे.

सुरुवातीला गिटार ॲम्पला जोडूच नये. आवाज मोठा झाला की दोष झाकले जातात. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून ब्रिजकडून शेंड्याकडे मानेच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्या वळणाच्या दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली, तर मान पिळलेली आहे. ती गिटार खाली ठेवून द्यावी, भाव कितीही उतरवून दिला तरी. नुसता बाक मात्र ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या सळईने, दुरुस्त होतो. तो मोजण्यासाठी जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट पाहावी. तिथे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असणे चांगले. फट अजिबात नसेल किंवा दुप्पट असेल, तर दुकानातल्या कारागिराला ट्रस रॉड फिरवून दाखवायला सांगावे. तो फिरतो आणि मान प्रतिसाद देते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढे जावे.

त्यानंतर मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात अलगद फिरवावा. लाकूड वाळून आक्रसते, पण फ्रेटचा धातू तेवढाच राहतो, त्यामुळे फ्रेटची टोके बाहेर येऊन हाताला टोचतात. थोडे टोचत असेल तर कानशीने ते काम होते. सगळीकडे टोचत असेल तर लाकूड पुरेसे न वाळवता वापरले असण्याची शक्यता आहे.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवावा. सहा तारा आणि २२ फ्रेट, म्हणजे १३२ स्वर. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. एखाद्या जागी स्वर खरखरला किंवा शेजारच्या फ्रेटसारखाच वाजला, तर तिथला फ्रेट वर-खाली बसला आहे. पहिल्या दोन तारा बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर पूर्ण एका स्वराएवढ्या खेचून पाहाव्यात. खेचताना स्वर मध्येच विझला, तर फ्रेट घासून सपाट करावे लागतील. ही तपासणी करताना कोणाला संकोच वाटतो, कारण शेजारी कोणीतरी वेगवान तुकडे वाजवत असते. तो संकोच बाजूला ठेवावा; आपण वाद्य तपासायला आलो आहोत.

नटची तपासणी बहुतेक जण विसरतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली, तर पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट उरली पाहिजे. ती जास्त असेल, तर सुरुवातीचे कॉर्ड वाजवताना बोटे दुखतात आणि स्वर चढा लागतो. ट्यूनर फिरवताना ‘टिक’ असा आवाज आला, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. लेस पॉल जातीच्या शेंड्यावर मधल्या तारा नटपासून तिरक्या जातात, म्हणून ‘जी’ (G) स्वराची तार सर्वांत जास्त त्रास देते. खाचेत मऊ पेन्सिलचे शिसे घासले, तरी तात्पुरता आराम पडतो.

आता ॲम्प जोडावा आणि तो स्वच्छ आवाजावर ठेवावा. चारही नॉब पूर्ण फिरवावेत, तीन बाजूंचा स्विच हलवावा, जॅकमधली केबल हळूच हलवून पाहावी. खरखर आली, तर ती साफसफाईने जाते किंवा थोड्या खर्चात भाग बदलून जाते, पण भाव ठरवताना तिचा उल्लेख करावा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली, तर अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर ती वाढली, तर आत कुठेतरी जोडणी सुटली आहे. इथे एक सूचना सुरक्षिततेची. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर ॲम्पमधला दोष वादकाच्या हातापर्यंत येऊ शकतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी तीन पिनांचे सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय ॲम्प लावू नये आणि ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

पायरी पाचवी: सेटअप

मिरजेच्या कारागिराने जवारी काढलेली नसेल, तर कितीही चांगल्या भोपळ्याचा तंबोरा बोलत नाही. गिटारच्या सेटअपचे महत्त्व तेवढेच आहे. ब्रिज म्हणजे घोडी आणि नट म्हणजे अटी असे मानले, तर तंबोरा हाताळलेल्या वाचकाला पुढचे सगळे सहज कळेल. कारखान्यातून निघून, समुद्रमार्गे येऊन, महिनोन्महिने गोदामात राहिलेली गिटार जशीच्या तशी वाजवायला घेणे, हा तिच्यावर अन्याय आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या आणि अडीच लाखांच्या गिटारमध्ये हाताला जाणवणारा बराचसा फरक एका चांगल्या सेटअपने भरून निघतो. या क्षेत्रात इतक्या कमी पैशांत इतके काही देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी ज्या जाडीच्या तारा कायम वापरायच्या त्या चढवाव्यात. लेस पॉल जातीवर सहसा ०.०१० ते ०.०४६ इंचांचा संच बसतो. मग ट्रस रॉड. तो एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि मानेला स्थिरावायला वेळ द्यावा. उजवीकडे फिरवला की मान सरळ होते, डावीकडे फिरवला की बाक वाढतो. त्यानंतर तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे दीड मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. शेवटी इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर स्वर सुरात लागणे: तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर सूर दाखवणाऱ्या यंत्रावर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल, तर ब्रिजवरचा त्या तारेचा ठोकळा मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी. उतरलेला असेल, तर पुढे घ्यावा. हा क्रम उलटा केला, तर प्रत्येक पायरी आधीचे काम बिघडवते. ट्रस रॉडला प्रथमच हात लावणाऱ्याने जाणत्या माणसाच्या शेजारी बसून ते शिकावे.

पायरी सहावी: भाग बदलायचे तर कोणते

निदान तीन महिने वाजवल्याशिवाय काहीही बदलू नये. त्यानंतर पहिला पैसा नटवर घालावा. प्लास्टिकच्या पोकळ नटच्या जागी हाडाचा किंवा ग्राफाइटयुक्त नट नीट खाचा पाडून बसवला, की सुरात राहण्याची बरीचशी तक्रार मिटते. ट्यूनर खरोखर घसरत असतील तरच ते बदलावेत. अनेकदा दोष नटचा असतो आणि शिक्षा ट्यूनरला होते. तिसरा क्रम पॉट आणि कपॅसिटरचा. हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लागतात. स्वस्त गिटारमध्ये कधी कधी त्याहून कमी मूल्याचे असतात आणि आवाज गुदमरल्यासारखा वाटतो. मल्टिमीटरने मोजून खात्री करता येते.

पिकअप सर्वांत शेवटी. जुन्या धाटणीच्या हंबकरचा रोध साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहम असतो आणि त्यांत ॲल्निको या मिश्रधातूचे चुंबक असतात. आपल्या गिटारमध्ये सिरॅमिक चुंबकाचे, फार जोरकस पिकअप असतील आणि लेस पॉलचा उबदार आवाज हवा असेल, तर बदल जरूर ऐकू येईल. पण त्याआधी एक फुकटचा प्रयोग करावा: पिकअपची उंची दोन-तीन मिलिमीटर कमी करून ऐकावे. चुंबक तारांच्या फार जवळ असले की आवाज कर्कश होतो आणि स्वर लवकर विझतो. मी ज्यांना हा प्रयोग करायला सांगितला, त्यांच्यातल्या काहींनी पिकअप विकत घेण्याचा विचारच सोडला.

वापरलेली गिटार आणि बनावट माल

वापरलेल्या बाजारात एपिफोनच्या नव्या किमतीत वरच्या श्रेणीची गिटार मिळू शकते आणि कधी कधी गिब्सनच्या साध्या मालिकांतली जुनी गिटारही आवाक्यात येते. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी वादकांना तर तिथला वापरलेला बाजार फारच मोठा आहे. तिथून कोणी गिटार घेऊन येणार असेल, तर विमानतळावरील शुल्काचा हिशेब आधी करावा आणि वॉरंटी भारतात लागू होते का, हे लेखी विचारून घ्यावे.

लेस पॉलच्या बाबतीत एक जागा बारकाईने पाहावी. तिचा शेंडा मागे झुकलेला असतो आणि नटच्या मागे ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेले असल्याने तिथे मान सर्वांत कमकुवत असते. गिटार पडली की ती तिथेच मोडते. दिवसाच्या उजेडात तो भाग मागून आणि बाजूंनी पाहावा, नख फिरवून रेघ लागते का ते बघावे. चांगल्या कारागिराने जोडलेली मान वर्षानुवर्षे टिकते आणि अशा गिटारची किंमत बरीच उतरलेली असते. म्हणून दुरुस्ती उघडपणे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ती घेणे हा परवडणारा आणि शहाणपणाचा मार्गही ठरू शकतो. रंग मारून दुरुस्ती लपवली असेल, तर मात्र उठून यावे.

गिब्सनचे नाव लावलेला बनावट माल सर्रास फिरतो. शेंड्यावरच्या ट्रस रॉडच्या झाकणाला खऱ्या गिब्सनमध्ये दोन स्क्रू असतात, बनावट गिटारवर पुष्कळदा तीन दिसतात. झाकण उघडले, तर खऱ्या गिटारमध्ये पाना बाहेरून बसणारा षट्कोनी नट असतो. बनावट गिटारमध्ये बहुधा ॲलन की लागते. तीन लाखांची गिटार कोणी पन्नास हजारांत, घाईने आणि बिलाशिवाय देत असेल, तर या दोन खुणा पाहण्याआधीच उत्तर मिळालेले असते.

घरी आणल्यावर

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा गिटारसाठी कठीण काळ असतो. दमट हवेत लाकूड फुगते, मान हलते आणि तारांवर आठवड्याभरात गंज धरतो. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नये; ओल तिथूनच येते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसाव्यात. गिटार पिशवीत ठेवावी आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. त्या दर महिन्याला बदलाव्यात किंवा कडकडीत वाळवून घ्याव्यात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलट होते: लाकूड आक्रसते, फ्रेटची टोके बाहेर येतात आणि थेट कूलरच्या झोतात ठेवलेली गिटार एकाच दिवसात दोन टोकांचे हवामान सोसते. म्हणून सेटअप वर्षातून दोनदा तपासावा, एकदा पावसाळा स्थिरावल्यावर जुलैत आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर. दोन्ही वेळा मानेची फट, बाराव्या फ्रेटवरची उंची आणि इंटोनेशन यांची मापे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावीत. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या, की आपल्या घरातल्या हवेत ती मान कोणत्या महिन्यात किती हलते, हे आधीच सांगता येते आणि ट्रस रॉडचा पाव फेरा कधी द्यायचा, हे वेगळे विचारावे लागत नाही.